कापसावरचं दूध

आमच्या मुलीची पहिली उलटी हिरवी होती. पालक शिजवल्यावर पातेल्यात जे पाणी उरतं तशी, गडद. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी बाळंत झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं आणि सासूबाई तिला मांडीवर घेऊन आपल्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं तिचं तोंड पुसत होत्या.

"पोटातलं पाणी प्याली असन," त्या म्हणाल्या. "निंगून जाईन. तू घाबरू नोको."

मी घाबरले नव्हतेच. आदल्या दिवशी ती माझ्या अंगावर प्यायली होती. ओठ लावताच कसं प्यायचं ते तिला आपोआप कळलं होतं आणि मला वाटलं होतं, अवघड ते सगळं संपलं. तेवढ्यात औषधं द्यायला सिस्टर आली. तिनं सासूबाईंच्या हातातला तुकडा पाहिला आणि ट्रे तिथंच पलंगावर ठेवला.

"हे हिरवं बाळानं ओकलं?"

"हव."

"आता काहीच पाजू नका. एक थेंब पण नाही." तो तुकडा घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. चालत नव्हे, जवळजवळ पळत.

आम्ही शहापूरला राहतो, हायवेला लागून. मी घरी ब्लाऊज शिवते. नवरा वरठीच्या स्टील कारखान्यात आहे, मोटारसायकलनं जातो-येतो. सासर सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात; तिथं धानाची शेती. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती, म्हणून बाळंतपणाला सासूबाई आल्या. धान कापणीला आलं होतं. तीस वर्षांत कापणीच्या वेळी त्या शेतावर नाहीत असं घडलं नव्हतं. "धान कोनीबी कापते," एवढंच बोलून त्या पिशवी घेऊन एसटीत बसल्या होत्या.

डॉक्टरांनी मुलीच्या पोटावर बोटं ठेवली. पोट वर आलं होतं, ताठ आणि चकचकीत. नाकातून बारीक नळी घातली तशी तिच्यातून पुन्हा तेच हिरवं पाणी बाटलीत उतरू लागलं. एवढ्याशा जिवात इतकं पाणी कुठं होतं, मला कळेना.

"हिच्या आतड्यात कुठंतरी रस्ता बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "दूध पुढं जात नाही, म्हणून मागं येतं. ऑपरेशन करावं लागेल. ते नागपूरला होईल. आत्ताच निघा."

नागपूरच्या रुग्णालयात फोटो काढले, रक्त घेतलं. लहान मुलांचं ऑपरेशन करणाऱ्या बाई आम्हाला बाहेर येऊन भेटल्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. मी सांगितलं की सातव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाभोवती पाणी जास्त असल्याचं निघालं होतं. त्यांनी मान हलवली. बाळ पोटात पाणी गिळतं, ते पुढं जात नसेल तर बाहेर साठतं, म्हणाल्या. मग कागदावर त्यांनी आतडं काढून दाखवलं. बंद जागेच्या वरचं आतडं फुगून रुंद झालेलं आणि खालचं कधी वापरातच न आलेलं, दोरीसारखं बारीक.

"मधला खराब भाग काढायचा आणि ही दोन टोकं एकमेकांना जोडायची."

मी ते चित्र पाहत राहिले. रोज फुग्याची बाही अरुंद पट्टीला जोडणारी बाई मी. तोंडातून निघून गेलं, "एक टोक एवढं मोठं, एक एवढं लहान. चुन्या घालून जोडता का?"

त्या हसल्या नाहीत. "जवळजवळ तसंच," म्हणाल्या. "लहान टोक तिरपं कापून मोठं करून घेतो. तुम्ही शिवणकाम करता का?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत आहे, जोड कधीकधी तिथंच आवळतो. आम्हालाही त्याचीच भीती असते."

ऑपरेशन झालं. ती काचेच्या पेटीत होती, पोटावर आडवी पट्टी, नाकात नळी, हाताला सुई. पेटीवर चिठ्ठी लावलेली होती: अमुकचं बाळ. अमुक म्हणजे मी. तिला तिचं नाव नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरातल्या सगळ्यांचं बोलणं एकाच गोष्टीवर आलं. शी झाली का? नवऱ्याचा कारखान्यातून फोन आला की हेच. सासऱ्यांचा खळ्यावरून फोन आला की हेच. आतडं झोपलेलं आहे, जागं झालं की शी होईल, तोपर्यंत नळीतलं हिरवं फिकं होतंय का ते पाहायचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी रोज जाऊन आधी नळीची बाटली पाहायची, मग मुलीचं तोंड.

एके दुपारी सिस्टरनं काचेआडून हात हलवला आणि लंगोट उचलून दाखवला. सासूबाईंनी बसल्या जागी दोन्ही हात जोडले. संध्याकाळी नवरा वरठीहून गाडीनं आला तो पेढ्यांचा डबा घेऊन. वॉर्डाबाहेरच्या सगळ्या बायामाणसांना त्यानं एकेक पेढा दिला.

"पोरगी झाली का?" कुणीतरी विचारलं.

"पोरगी त कवाची झाली," तो म्हणाला. "आज शी केली तिनं."

सगळे हसले. मीही हसले. त्या सगळ्या दिवसांतलं माझं ते एकच हसणं असावं.

मग दूध सुरू झालं. नळीतून, एका वेळी एक मिली. माझं दूध मी पंपानं काढायची आणि सिस्टर ते सुईच्या नळकांड्यात भरून वरून सोडायची. ते आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरायचं. मी श्वास धरून बघत राहायची. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. मग एक दिवस डॉक्टरबाई म्हणाल्या, आज अंगावर घेऊन बघा, थोडा वेळच. मी तिला घेतलं. इतक्या दिवसांनी तिला आठवेल की नाही असं वाटलं होतं, पण तिनं डोळे मिटूनच शोधलं आणि ओढायला लागली. तिच्या गिळण्याचा आवाज ऐकू येत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. "पी माय, पी," त्या पुटपुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट पुन्हा फुगलं. नळीत पुन्हा हिरवं आलं.

दूध बंद. चार-पाच दिवस थांबून पुन्हा एक मिलीपासून सुरुवात. पुन्हा फुगलं, पुन्हा बंद. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी डॉक्टरबाई सांगायच्या की काही मुलांना वेळ लागतो आणि मी मान हलवायची. पण फुगलेलं पोट आता मला त्यांच्या आधी ओळखू यायला लागलं होतं. पोटाच्या कातडीखाली आतड्याची वळणं दिसायची, गांडुळं सरकावीत तशी. ती रडायची नाही, कण्हायची. भुकेनं रडणारं मूल किती सुखाचं असतं, ते मला तिथं कळलं.

त्या दिवसांत गावाकडची एक नातेवाईक बाई भेटायला आली. बाहेरच्या बाकावर बसून बराच वेळ चुकचुकली आणि मग हळूच म्हणाली, "गिराणात कैची चालवली असन हिनं. हिचं कामच कैचीचं."

डॉक्टरबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं की हे पोटातच घडतं, आतड्याच्या त्या तुकड्याला रक्त पोचत नाही. आईच्या खाण्याचा, कामाचा काही संबंध नसतो. तरी त्या बाईचं बोलणं ऐकून ग्रहण कधी होतं, त्या दिवशी मी काय करत होते, हे मी आठवू लागले.

सासूबाई डबा उघडत होत्या. त्यांनी झाकण परत लावलं.

"गिराणात आख्खं गाव भाजी चिरते," त्या म्हणाल्या. "साऱ्याइच्या लेकराइचे आतडे बंद होते का? पाहाले आली त पाह्य. नाई त तुही एसटी चारले हाय."

ती बाई पुन्हा आली नाही.

नंतर पोटात औषध सोडून फोटो काढले. जोड आवळला होता आणि आतडी एकमेकांना चिकटली होती. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. ते फार वेळ चाललं. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा टोपी हातात होती, केस कपाळाला चिकटलेले.

"बराच भाग काढावा लागला," त्या म्हणाल्या. "आता आतडं फार तोकडं उरलं आहे. दूध पोटात गेलं तरी अंगी लागायला पुरेसं आतडं नाही. शिरेतून अन्न देत राहू. आतडं वाढतंही लहान मुलांचं, हळूहळू. पण वेळ मिळायला पाहिजे."

नवरा तोवर खाली मान घालून उभा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, माह्यावालं देता येत नाई का? मले एवढं लांब आतडं हाय. थोडंसं काढून तिले लावा."

डॉक्टरबाई त्याच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "एवढ्या लहान बाळाला नाही लावता येत, दादा. आलं असतं तर मीच तुम्हाला विचारलं असतं." तो "हव, हव," म्हणत जिन्याकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

मुलीला आता मानेजवळच्या शिरेतून अन्न जात होतं. एका पिशवीत साखरेचं पाणी, एकीत दुधासारखं पांढरं काहीतरी. तिचं वजन थोडं वाढलं. गालही भरले. अनोळखी माणसाला वाटलं असतं, बाळ बरं आहे. पण ती तोंड हलवायची. रिकामंच चोखत राहायची, आपली जीभ, आपली मूठ, हवा.

वॉर्डात एक केरळची सिस्टर होती, मोडकं मराठी बोलायची. तिनं मला एक काडी दिली, टोकाला कापूस गुंडाळलेली. "तुमचा दूध लावा. जिभेला. पोटात नाही जाणार, पण टेस्ट येणार तिला. डॉक्टरला विचारलं मी."

मी कापूस माझ्या दुधात बुडवला, काठावर निथळला आणि तिच्या ओठांना लावला. तिनं डोळे उघडले. इतके मोठे की मी दचकले. मग ओठ आवळून ती तो कापूस चोखू लागली, सगळ्या अंगानं, कपाळाला आठ्या घालून. तेवढं तिचं जेवण. दिवसातून जेवढ्या वेळा मला आत सोडायचे तेवढ्या वेळा मी ते केलं. माझ्या दुधाचं तिला जे मिळालं ते एवढंच, कापसाला लागलेलं.

बाकीचं दूध उरायचं. पंपानं काढून ठेवलेलं, थंड कपाटात बाटल्यांच्या ओळी. रुग्णालयात दुधाची पेढी होती. आयांनी दिलेलं दूध तिथं तापवून, तपासून, ज्या बाळांना आईचं मिळत नाही त्यांना द्यायचे. शेजारच्या पेटीत जुळी होती, दिवस भरायच्या आधीच झालेली, एकेक हातभरसुद्धा नाही. त्यांच्या आईला दूधच उतरत नव्हतं. केरळच्या सिस्टरनं मला विचारलं, तुमचं जास्तीचं पेढीला देणार का.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या चिडल्या. "आपलं लेकरू उपाशी अन् दुसऱ्याच्या लेकराइले पाजून राहिली? दिष्ट लागन तिले."

"मग काय करू? ओतून देऊ मोरीत?"

रात्री भाकर वाढताना त्या म्हणाल्या, "वासरू गेलं तरी गाईले पिळाच लागते. नाई त सड दुखते."

ते वासरू गेलेलं मला लागलं. मी तोंड फिरवलं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यानंतर या विषयावर त्या बोलल्या नाहीत आणि मी दूध देत गेले. पुढं एकदा जुळ्यांची आजी त्यांच्याजवळ येऊन बसली. पोरं आता थोडं थोडं पचवतात, म्हणाली. कुणाचं दूध आहे ते तिला ठाऊक नव्हतं, पेढीतलं कुणाचं ते सांगत नाहीत. सासूबाईंनी आपल्या डब्यातली भाकर मोडून अर्धी तिला दिली. "तुमच्या सुनेले बी खाऊ घाला पोटभर," म्हणाल्या. "तिले बी येईन दूध."

मुलीच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होऊ लागला. शिरेतल्या अन्नाचा भार यकृतावर येतो, डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी मनात म्हटलं, म्हणजे जे जगवतंय तेच आता...

एका सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हिचं नाव ठेवू."

"घरी गेल्यावर. पाळण्यात घालून. असं कसं ठेवाव इथं?"

"आज ठेवू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात धुऊन आल्या, कोपरापर्यंत, सिस्टरनं शिकवलं होतं तसे. नवऱ्यानं त्या दिवशी सुट्टी घेतली. खरं तर बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, पण नवऱ्याला बहीण नाही. केरळच्या सिस्टरनं पेटीची गोल खिडकी उघडली आणि सासूबाईंनी वाकून तोंड आत घातलं. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. एक नाव सांगायला इतका वेळ लागत नाही. आणखी काय काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. नाव मी इथं लिहिणार नाही. ते आम्हा तिघांना माहीत आहे, सिस्टरला माहीत आहे आणि तिला.

नंतर तिला ताप आला. शिरेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले, औषधं बदलली, नळी बदलली. दोनदा ती त्यातून उठली. तिसऱ्या वेळी तिच्या अंगावर लाल ठिपके आले आणि श्वासासाठी यंत्र लावलं. डॉक्टरबाई आमच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या, उभ्या राहून बोलल्या नाहीत, तेव्हाच मला समजलं.

"अजून एक ऑपरेशन तिला झेपणार नाही," त्या म्हणाल्या. "औषधं चालू आहेत. पण आता तिला तुमच्याजवळ देऊ का?"

भर दुपार होती. मला खुर्चीवर बसवलं आणि तारा-नळ्यांसकट तिला माझ्या छातीशी ठेवलं, कातडीला कातडी. ती गरम होती. नवरा माझ्या पायाशी खाली बसला आणि तिची टाच दोन बोटांत धरून राहिला. मी कापूस मागितला. सिस्टरनं दिला. मी तिच्या ओठांना लावला, पण या वेळी तिनं ओढला नाही. दूध ओठांच्या कोपऱ्यातून खाली आलं, मी ते पदरानं टिपलं. पुढं केव्हातरी डॉक्टरबाईंनी तिच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही तिला गावी नेलं. धान निघून शेतं मोकळी झाली होती. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीखाली, जिथं आमच्याकडे लहान मुलांना मातीत ठेवतात, तिथं सासरे आणि नवरा गेले. बायका जात नाहीत. मी ओसरीवर बसून होते आणि माझं ब्लाऊज समोरून भिजत होतं. दुधाला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी मला आत नेलं, धुवट धोतराची पट्टी छातीभोवती घट्ट आवळून बांधली आणि मागं गाठ मारली. त्यांचे डोळे कोरडे होते. सगळ्या काळात मी त्यांना एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. मला त्याचा रागही येत असे.

थंडी गेली, उन्हाळा गेला. मी शहापूरला पुन्हा शिवायला बसले. नवरा कारखान्यात पाळीवर जाऊ लागला. आम्ही एकमेकांशी कमी बोलायचो, पण जेवायला एकमेकांसाठी थांबायचो. आषाढात धानाच्या रोवणीला माणसं मिळेनात म्हणून सासूबाईंनी फोन केला, आणि मी चार दिवस गावी गेले.

बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी भरून चिखल केलेला. बायका रांगेनं वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागं सरकत होत्या. मी कडेच्या धुऱ्यावर बसून रोपांच्या पेंढ्या पुढं टाकत होते. मजुरीला आलेल्यांत पलीकडच्या गावची एक नवी बाई होती. तिनं वाकल्या वाकल्या सासूबाईंना विचारलं, "सुनेले लेकरूबाळ हाय का काई?"

कुणीतरी त्या बाईला कोपर लावलं.

"हाय ना," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी झाली. गेली." आणि त्या सांगू लागल्या. हात थांबवले नाहीत, परे लावत लावत सांगत होत्या. आतडं कुठं बंद होतं, वरचं किती रुंद अन् खालचं किती बारीक, कसं जोडलं, कुठं आवळलं. नळीतलं पाणी कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचं होतं. अंगावर प्याली तेव्हा तिच्या गळ्यातून कसा आवाज आला. मला वाटलं होतं त्या बाहेर बाकावर नुसत्या बसून असायच्या. एकही गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. काही तर मीच विसरले होते.

"लय भुकेली गेली व माही पोरगी," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना पुढं बोलता आलं नाही. चिखलात हात तसेच ठेवून त्या वाकलेल्या राहिल्या. पाठ हलत होती. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, सगळा चिखल. दोन्ही बाजूंच्या बायका रांग सोडून त्यांच्याजवळ आल्या नाहीत, पुढंही गेल्या नाहीत. जागीच थांबल्या.

मी साडी वर खोचली आणि बांधीत उतरले. पोटऱ्यांपर्यंत गार चिखल. त्यांच्या शेजारी वाकून मी पेंढी सोडली आणि परे लावू लागले. मला रोवणी नीट येत नाही, सासरी येऊन कधी शिकलेच नाही. थोड्या वेळानं त्यांनी नाक ओढलं, माझ्या रांगेकडे पाहिलं आणि माझी दोन रोपं उपटून पुन्हा सरळ लावली.

"एवढं खोल नोको दाबू," त्या म्हणाल्या. "सडते."

रांग पुन्हा मागं सरकू लागली.